भुलेची बहात्तर मिनिटं

भुलेचं बिल आलं ते मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. क्लेटन ब्रेक्केने पाकीट फोडलं, कागदावरून एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि तो बायकोपुढे सरकवत म्हणाला, "भरून टाक."

मार्लीसने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बिलाकडे. दोन हजार नऊशे अकरा डॉलर आणि चाळीस सेंट. आकडा मोठा होताच, पण तिला जास्त खटकले ते त्याचे दोन शब्द. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाने एकही बिल मुकाट्याने भरू दिलं नव्हतं. किराणा दुकानाने चाळीस सेंट जास्त लावले म्हणून तो एकदा भर बर्फात अकरा मैल मागे गेला होता. फोन कंपनीच्या माणसांशी तो इतका वेळ हुज्जत घाले, की शेवटी ते बिचारे त्याच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करून विषय बदलत. तोच माणूस आज तीन हजारांच्या कागदाला 'भरून टाक' म्हणून काठी टेकत पोर्चकडे निघालाही होता.

"अरे, किती आहे ते नीट बघितलंस तरी का?" तिने विचारलं.

"बघितलं. झोपवलं, उठवलं. त्याचे पैसे लागणारच." तो दारातूनच बोलला, मागे न वळता.

क्लेटन एकसष्ट वर्षांचा होता. ऑल्डर फॉल्सच्या शाळेची पिवळी बस तो तेवीस वर्षं चालवत होता. बसच्या पायऱ्या चढताना-उतरताना उजवा गुडघा असा कटकट वाजे की पुढच्या बाकावरची पोरं खिदळत. शेवटी मार्चच्या अखेरीस त्याने तो बदलून घेतला. उन्हाळाभर घरी बसायचं, ऑगस्टमध्ये परवान्यासाठीची डॉक्टरी तपासणी पार पाडायची आणि शाळा उघडली की पुन्हा स्टिअरिंगवर, असा बेत होता. नवा गुडघा छानच बसला होता. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी त्याचं तोंडभरून कौतुक करी.

मार्लीस गावाबाहेरच्या सहकारी पशुखाद्य गिरणीत वजनकाट्यावर बसे. मक्याची गाडी आत आली की भरलेलं वजन आणि वेळ, बाहेर पडली की रिकामं वजन आणि वेळ. दिवसाला ऐंशी-ऐंशी पावत्या तिच्या हाताखालून जात. एखादी गाडी वीस मिनिटांऐवजी तासभर आत राहिली, तर पावती फाडताना तिचा हात थांबायचा. गाडी बंद पडली असेल, ड्रायव्हर गप्पा मारत असेल, नाहीतर आणखी काही असेल. पण कारण समजल्याशिवाय तिला पुढच्या पावतीकडे जाता येत नसे.

घरचा विमा तिच्या नोकरीवर होता. वर्षातले पहिले सहा हजार डॉलर घरातून जायचे, त्यापुढचे विमा कंपनी भरायची. इस्पितळाचं मोठं बिल अजून विमा कचेरीत लोळत होतं. भुलेवाल्या डॉक्टरांच्या मंडळाचं बिल आधी पोचलं, म्हणून ते सगळंच्या सगळं ब्रेक्के कुटुंबाच्या माथी आलं. जेवताना क्लेटनने हाच मुद्दा काढला. सहा हजार तसेही जाणारच आहेत, यांना दिले काय आणि त्यांना दिले काय, तू उगाच यात डोकं घालू नकोस, असं तो म्हणाला. हिशोबाने त्याचं बरोबर होतं. पण बिल मार्लीसने भरलं नाही. पर्समध्ये घातलं आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर नेलं.

दुपारच्या सुट्टीत सँडविच खाता खाता तिने ते उलगडलं. कागद एकच होता. त्यावर एका डॉक्टरीणबाईंचं नाव आणि त्यापुढे एक हजार त्रेचाळीस डॉलर सत्तर सेंट. खाली भूल देणाऱ्या एका नर्सचं नाव, पुढे अगदी तोच आकडा. त्याखाली मांडीतल्या नसेला बधिर करणारं इंजेक्शन, चारशे बारा. पुन्हा तेच इंजेक्शन, पुन्हा चारशे बारा. म्हणजे सगळं दोन-दोनदा. तिचं रक्त उसळलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. चोरी पकडता आली की बिलाशी भांडता येतं, आणि नवऱ्याच्या त्या दोन शब्दांचा विचार करावा लागत नाही.

तिने बिलावरच्या नंबरला फोन लावला. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर डिझिरे नावाची बाई बोलू लागली. ती बहुधा घरूनच काम करत होती, मागे कुत्रं भुंकत होतं. मार्लीसने आवाज चढवायची तयारी केली होती, पण डिझिरे भलतीच समजूतदार निघाली. तिने एकेक ओळ फोड करून सांगितली. भुलेचे पैसे युनिटवर लागतात. गुडघा बदलायचा तर सात युनिटं ठरलेलीच. त्यावर वेळेची युनिटं, दर पंधरा मिनिटांना एक. दोन्ही मिळून एकवीस पूर्णांक तीन, एकेका युनिटचे अठ्ठ्याण्णव डॉलर.

"मग डॉक्टरचे वेगळे आणि नर्सचे वेगळे कशाला?"

"वेगळे नाहीत हो मॅडम. नर्स तिथे पूर्ण वेळ बसते, डॉक्टर देखरेख करतात. रक्कम एकच, दोघांत अर्धी अर्धी वाटलेली. तुम्ही बेरीज करून बघा."

मार्लीसने बेरीज केली. दोन हजार सत्याऐंशी डॉलर चाळीस सेंट. जुळलं.

"इंजेक्शन मात्र दोनदा लागलेलं दिसतंय मला," डिझिरे स्वतःहून म्हणाली. "एकदाच दिलेलं असेल तर चारशे बारा कमी होतील. मी तसा शेरा लिहून ठेवते."

मार्लीसने आभार मानले. आता फोन ठेवायला हरकत नव्हती. पण बेरजेच्या कागदावर तिची पेन्सिल युनिटांभोवती घुटमळत होती. एकवीस पूर्णांक तीनमधून सात गेले, राहिले चौदा पूर्णांक तीन. त्याला पंधराने गुणलं.

"दोनशे चौदा मिनिटं?" तिने विचारलं.

"हो. सुरुवात नऊ बारा, शेवट बारा सेहेचाळीस."

हे घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी बंद होतं, असं मार्लीसने विचारलं. भूल देणारा माणूस पेशंटचा ताबा घेतो तिथे सुरू, आणि त्याला जागं करून शुद्धीच्या खोलीतल्या नर्सच्या हवाली करतो तिथे बंद, असं डिझिरेने सांगितलं. तोपर्यंत तो पेशंटला सोडून हलत नाही.

मार्लीसने पर्समधून चेकबुक काढलं. कशाचीही वेळ दिसली की ती टिपून ठेवायची, हे तिच्या अंगवळणीच पडलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी प्रतीक्षेच्या खोलीत बसल्या बसल्या तिने चेकबुकच्या मागच्या पानावर लिहिलं होतं: नऊ दहा, आत नेलं. अकरा चौदा, सर्जन बाहेर. सर्जन टोपी काढत आले होते, आणि त्यांचे शब्दही तिच्या लक्षात होते. सांधा झकास बसलाय, माझा जोडीदार टाके घालतोय, वीस मिनिटांत क्लेटनला उठवून बाहेर काढतील. अकरा चौदा आणि वीस, म्हणजे अकरा चौतीस. तिथून बारा सेहेचाळीसपर्यंत बहात्तर मिनिटं उरत होती.

त्या दिवशी तिची आणि क्लेटनची भेट झाली ती एक वाजून गेल्यावर. मध्ये दोनदा ती चौकशीच्या टेबलामागच्या मुलीकडे गेली होती. वरच्या मजल्यावर पलंग रिकामा नाही, म्हणून उशीर होतोय, असं त्या मुलीने सांगितलं. मार्लीसने ते खरं मानलं होतं आणि यंत्रातून बिस्किटांचा पुडा काढून खाल्ला होता.

बाहेर काट्यावर एक ट्रक येऊन हॉर्न देत होता. तिने फोन ठेवला, वजन घेतलं, पावती फाडली. हात आपलं काम करत होते. डोक्यात दोनच गोष्टी होत्या. एक तर बिलावरची वेळ चुकीची होती. आणि ती चुकीची नसेल, तर सर्जन हात धुऊन बाहेर आल्यावर त्या खोलीत सव्वा तास काहीतरी चाललं होतं, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एरवी कुणी जास्त वेळ लावून पैसे उकळलेत असं दिसलं, तर ती पेटून उठली असती. आता तिला मनापासून वाटू लागलं, की त्यांनी पैसे उकळलेलेच असोत. कुणा कारकुनाने अकराच्या जागी बारा टाइप केलेले असोत.

कारण एप्रिलपासून ती क्लेटनकडे बघत होती आणि बघत नाही असं स्वतःलाच भासवत होती. त्याने कॉफीचं यंत्र पाण्याशिवाय दोनदा चालू केलं होतं. ते गोळ्यांमुळे, असं ती म्हणाली होती. शेजारच्या बाईंना तो वीस वर्षं नावाने हाक मारत होता, आणि एका सकाळी कुंपणापाशी त्यांच्याशी पाच मिनिटं बोलून आत आला आणि विचारू लागला, या बाईंचं नाव काय गं. मंगळवारच्या पत्त्यांत त्याने एकाच डावात तीनदा हुकूम कोणता म्हणून विचारलं. तेव्हा त्याचा मित्र अर्व्हिड म्हणाला, "अरे, गुडघा बदलायला गेला होतास की डोकं?" सगळे हसले. क्लेटनही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मार्लीसने पाहिले होते. गोळ्या तर तीन आठवड्यांपूर्वीच बंद झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने इस्पितळात फोन केला. ऑपरेशनच्या वेळी भूल देणारे दर पाच मिनिटांनी नोंदी ठेवतात, त्याची प्रत मिळते, असं तिथल्या बाईने सांगितलं. अर्ज एका पानाचा आहे, पण सही पेशंटची हवी. बायकोची चालणार नाही.

अर्ज तिने छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर पेनसकट ठेवला. क्लेटन म्हणाला, उद्या करतो. दुसऱ्या दिवशी चष्मा सापडत नव्हता. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, एवढं छापील आहे, वाचल्याशिवाय कशी सही करू. आठवडा उलटला. अर्ज केळ्यांच्या टोपलीखाली गेला आणि त्यावर एक गोल डाग पडला. मार्लीसच्या मनात आलं, आपणच का करू नये त्याची सही? क्लेटनचं ते वाकडं अक्षर तिला झोपेतही गिरवता आलं असतं. शनिवारी सकाळी तो फिरायला गेला असताना ती खरोखर पेन घेऊन बसली, आणि मग पेन ठेवून दिलं. सही केली असती तर कागद मिळाला असता. पण तो सही का करत नाही, हे कळलं नसतं. आणि तिला आता त्या कारणाचीच जास्त भीती वाटत होती.

तो परत आला, बूट काढले, पाणी प्यायला. ती टेबलापाशीच बसून होती.

"क्लेटन, चारशे बारा त्यांनी कमी केलेत," ती म्हणाली. "मला आता पैशांचं काही नाही. त्या बिलात बहात्तर मिनिटं जास्त आहेत. एक तर बिल चुकलंय, नाहीतर तुला तिथे काहीतरी झालंय. त्यातलं काय, एवढंच मला कळू दे."

नळ टपकत होता, तो त्याने घट्ट केला. मग केळ्यांच्या टोपलीखालून अर्ज ओढला, उभ्या उभ्याच सही केली आणि गॅरेजमध्ये गेला. मार्लीसने सहीकडे पाहिलं. तारखेच्या जागी त्याने मार्च लिहिलं होतं. तिने ते खोडून मे केलं, आणि दुरुस्तीची खूण म्हणून शेजारी आपल्या नावाची दोन आद्याक्षरं टाकली.

नोंदी मिळायला नऊ दिवस लागले. टपालाची वाट बघवेना, म्हणून तिने अर्धा दिवस रजा टाकली आणि स्वतःच इस्पितळात गेली. तळघरातल्या खिडकीवरच्या बाईने तिच्याकडून सहा डॉलर घेतले आणि एक पिवळं पाकीट हातात दिलं. घरी जाईपर्यंत थांबायचं असं तिने ठरवलं होतं. गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायच्या आधीच तिने पाकीट फोडलं.

आत चार पानं होती. पहिल्या दोन पानांवर चौकटीच चौकटी, आणि त्यांत बारीक खुणांच्या दोन ओळी डावीकडून उजवीकडे गेलेल्या. वरची रक्तदाबाचा वरचा आकडा, खालची खालचा, एवढं तिला समजलं. औषधांची नावं समजली नाहीत. पण चौकटींच्या डोक्यावर वेळ होती, आणि वेळ तिला वाचता येत होती. नऊ बारा, पेशंट खोलीत. नऊ एकावन्न, पहिला छेद. खुणा शांतपणे पुढे सरकत होत्या, पावत्यांसारख्या, एकामागून एक. अकरा चौदापाशी काहीच वेगळं नव्हतं. सर्जन तिला खोटं बोलले नव्हते. ते बोलले तेव्हा सगळं खरोखरच झकास होतं.

अकरा बावीसला शेरा होता: रक्त अडवायला मांडीला आवळलेला पट्टा सोडला. त्यापुढच्या चौकटीत दोन्ही ओळी एकदम खाली कोसळल्या होत्या. वरची जिथे होती तिथे काहीच नव्हतं; ती तिला पार खाली, पानाच्या तळाशी सापडली. चौपन्न. मार्लीसचा स्वतःचा रक्तदाब दर वर्षी तपासला जाई, त्यामुळे चौपन्न म्हणजे काय ते तिला कुणी सांगायला नको होतं. एकामागून एक औषधं दिलेली, डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलेलं. नऊ मिनिटांनी ओळी हळूहळू वर आल्या होत्या. पण त्याला उठवलं नव्हतं. श्वासाची नळी तशीच ठेवून तासभर त्याच्यावर नजर ठेवली होती. नळी काढली बारा एकतीसला, आणि नर्सच्या हवाली केलं बारा सेहेचाळीसला.

एक मिनिट इकडचं तिकडे नव्हतं. बिल बरोबर होतं.

चौथं पान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं, डॉक्टरीणबाईंनी टाइप केलेल्या पाच-सहा ओळींचं. काल घडलेलं सर्व पेशंटला समजावून सांगितलं. पेशंटला समजलं. मेंदूला काही मिनिटं रक्त कमी पडलेलं असू शकतं, म्हणून विसराळूपणा किंवा गोंधळ जाणवल्यास सहा आठवड्यांच्या आत तपासणीला यावं, असं सांगितलं. आपण शाळेची बस चालवतो, असं पेशंटने सांगितलं. पत्नीला सध्या कळवू नये, अशी पेशंटची विनंती.

शेवटची ओळ तिने पुन्हा वाचली. मग चारही पानं पाकिटात घातली आणि गाडी सुरू न करताच बसून राहिली. काच बंद होती, आत उकडत होतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, त्याच सकाळी दहा वाजता ती त्याच्यासाठी घरून केक घेऊन गेली होती. तो खाऊन तो म्हणाला होता, इथल्या जेवणापेक्षा भूल बरी. दोघं पोट धरून हसले होते. तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

ती घरी पोचली तेव्हा क्लेटन पोर्चच्या दाराला नवी जाळी ठोकत होता. पाकीट पाहताच त्याने हातोडी खाली ठेवली आणि पायरीवर बसला, नवा पाय पुढे सरळ करून. मार्लीस शेजारी बसली.

"तुला केव्हा सांगणार होतास?"

"ऑगस्टनंतर," तो म्हणाला. "बरा झालो असतो तर सांगितलं असतं. हसत हसत."

"आणि नसतास झाला तर?"

त्याने हातोडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"बसमध्ये सदतीस पोरं असतात, क्लेटन."

"मला माहीत आहे किती असतात ते. त्या बाई सकाळी पलंगाच्या कडेला बसल्या आणि सगळं सांगितलं. मी एकच विचारलं, गाडी चालवता येईल ना. त्या म्हणाल्या, बघू. मार्ल, तेवीस वर्षांत मला कुणी 'बघू' म्हटलं नव्हतं. मला वाटलं, हळूहळू जाईल. तुला सांगितलं असतं तर तू रोज माझ्या तोंडाकडे बघत बसली असतीस."

"मी तशीही बघतच होते."

मग तो आणखी बोलू लागला, आणि जे नोंदीत नव्हतं ते बाहेर आलं. मार्लीस कामाला गेली की तो आपल्या पिकअप ट्रकमधून बसचा सगळा रस्ता फिरून येत असे, परीक्षा दिल्यासारखा. आठ-दहा वेळा नीट झालं. मागच्या सोमवारी दुधाच्या डेअरीमागच्या चौकात तो थांबला आणि डावीकडे की उजवीकडे, हेच त्याला कळेना. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, तेव्हा तो घाबरून सरळ निघाला आणि चार मैल जाऊन परतला. त्या चौकातून तो तेवीस वर्षं रोज दोनदा वळत होता.

"बरा झालो की नाही, हे मलाच कळलं असतं असं मला वाटत होतं," तो म्हणाला. "त्या चौकात कळलं, की मला कळणार नाही."

मार्लीसला रागवायचं होतं, आणि पुढे आठवडाभर ती रागावलीही, अगदी ताटं आपटण्यापर्यंत. पण त्या पायरीवर तिने त्याचा हात नुसता धरून ठेवला. तिने त्याला हेही सांगितलं, की ते बिल खोटं निघावं, कुणीतरी आपल्याला लुबाडलेलं असावं, असं ती तीन आठवडे मनात म्हणत होती. तो कसनुसा हसला.

सोमवारी त्यांनी तपासणीची वेळ घेतली. सहा आठवड्यांची मुदत केव्हाच टळून गेली होती. डॉक्टरांनी त्यावरून दोन शब्द सुनावले, क्लेटनने ते मान खाली घालून ऐकले. दोन तास त्याला आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रं काढायला लावली, शब्दांची यादी आठवायला सांगितली. मार्लीस बाहेर बसून होती आणि या वेळी तिने एकही वेळ टिपली नाही. थोडा फरक पडलाय, असं डॉक्टर म्हणाले. हा हळूहळू भरून येतो बहुतेकांचा, सगळ्यांचा नाही. सहा महिन्यांनी परत बघू, आणि तोवर बस नाही. शाळेच्या वाहतूक प्रमुखांना सांगायचं काम क्लेटनने मार्लीसवर सोडलं नाही. तो स्वतः गेला, दार लावून बोलला, आणि अर्ध्या तासाने बसच्या किल्ल्या त्यांच्या टेबलावर ठेवून आला.

सुधारलेलं बिल जूनच्या अखेरीस आलं. दोन हजार चारशे नव्व्याण्णव डॉलर चाळीस सेंट. मार्लीसने त्याच दिवशी चेक लिहिला. इस्पितळाचं बिल लागोपाठ आलं आणि सहा हजार पूर्ण झाले, अगदी क्लेटन म्हणाला होता तसे.

तो शरद ऋतू दोघांनाही जड गेला. सकाळी पावणेसातला पिवळी बस घरावरून जाई, दुसरा कुणी चालवत असे, आणि क्लेटन खिडकीपासून लांब स्वयंपाकघरात बसून राही. तो शब्दकोडी सोडवी, फळ्या रंधून पक्ष्यांची घरं करी, आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीची वहीत नोंद ठेवी. कधी दहा दिवस छान जात. कधी त्याला परगावी राहणाऱ्या आपल्या मुलीच्या गावाचं नाव चटकन आठवत नसे आणि मग दोघंही दिवसभर एकमेकांशी फार जपून बोलत. मार्लीस दिवसातून दोनदा काट्यावरून घरी फोन करी, काहीतरी निमित्त काढून. ते निमित्त असतं हे त्याला कळे, आणि तो तसं दाखवत नसे.

जानेवारीत पुन्हा तपासणी झाली. या वेळी डॉक्टरांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. आकडे वर आले होते. वयाच्या मानाने सगळं ठीक, असं त्यांनी लिहून दिलं. परवान्याची तपासणीही पार पडली. क्लेटनने स्वतःच अट घातली, की पहिले दोन आठवडे दुसऱ्या एका चालकाने माझ्याबरोबर बसावं, आणि मला कुठे अडखळताना बघितलं तर लगेच वर कळवावं.

दोन आठवडे काही घडलं नाही. तिसऱ्या सोमवारी तो पहिल्यांदा एकटा निघाला. उणे अठरा तापमान होतं, रस्त्याच्या कडेने बर्फाचे ढीग. मार्लीसने काट्यावर तासभर उशिरा येते म्हणून कळवलं आणि आपली गाडी काढली. तिने त्याला सांगितलं नव्हतं. बसच्या मागे दोन गाड्यांचं अंतर ठेवून ती जात राहिली. बस थांबे, लाल दिवे लागत, टोप्यांत गुरफटलेली पोरं चढत, बस पुढे निघे. डेअरीमागच्या चौकात बस डावीकडे वळली, न थांबता. मार्लीसने आवळून धरलेलं स्टिअरिंग जरा सैल केलं.

पुढे रेल्वेचं फाटक होतं. रूळ दोन्ही बाजूंना लांबवर रिकामे दिसत होते. तरी बस रुळांच्या अलीकडे थांबली; शाळेच्या बसने प्रत्येक फाटकापाशी थांबून, दार उघडून आगगाडीचा कानोसा घ्यायचा, असा नियमच होता. एवढ्या थंडीत तिचं दार उघडलं, थोडा वेळ उघडंच राहिलं. मार्लीसला मागच्या काचेतून आरशात त्याची टोपी डावीकडे वळलेली दिसली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मग दार मिटलं आणि बस सावकाश रूळ ओलांडून गेली.

ती आणखी थोडा वेळ गाडीत तिथेच थांबली. मग गाडी वळवली आणि कामावर गेली.